उघड्या जीपची डागडुजी

प्रश्न : कापडी हुडाची जुनी महिंद्रा सीजे-थ्रीबी जीप गोंदियात घरीच दुरुस्त करायची आहे, आरंभ इंजिनापासून करावा की रंगापासून?

उत्तर : दोन्हींपासून नव्हे. या जीपचा सांगाडा, म्हणजे चाकांपासून बॉडीपर्यंतचा सारा भार पेलणारी लोखंडी चॅसी, बॉडीहून वेगळा असतो आणि भातशेतीच्या या दमट जिल्ह्यात चिखल साचून तो आतून गंजतो. म्हणून लहान हातोडीने ठोकून पाहावे, कारण निकोप लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. गंज कापून नवा पत्रा जोडल्यावरच ब्रेक, वायरिंग व इंजिन हाती घ्यावे, हूड शेवटी.

मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो, पण तो मानू नये. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेले खासगी वाहन ‘विंटेज’ ठरू शकते, मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा; शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाल्याने त्याआधीची नोंद भंडारा परिवहन कार्यालयातही तपासावी, आणि तीही कटर चालवण्यापूर्वी.