सीट एक अंश मागे

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. 'सॅडल'ला मराठीत खोगीर म्हणतात हे डिक्शनरीत सापडलं, पण लोह्यात सायकलच्या दुकानात जाऊन खोगीर मागितलं तर घोडा कुठाय म्हणून विचारतील. म्हणून या लेखात आपली 'सीट'च.

मागच्या वर्षी मी सेकंडहँड माउंटन बाइक घेतली आणि होस्टेलवरून घरी लोह्याला सायकलनेच जाऊ लागले. तीसेक किलोमीटर. तिसऱ्या फेरीनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर! सोमवारी प्रॅक्टिकलला स्क्रू ड्रायव्हर नीट धरता येईना. आई म्हणाली, "एस.टी. बंद पडल्यात का गं?" सायकल विकायचीच वेळ आली होती. त्या दोन बोटांची अल्नर नावाची नस तळहाताच्या कडेने जाते, हँडलवर वजन पडलं की ती दबते. म्हणजे प्रश्न हा होता की माझं वजन हातांवर येतंय कुठून?

उत्तर फ्रेममध्ये निघालं. सीटखालची नळी जमिनीशी जो कोन करते तो जुन्या माउंटन बाइकमध्ये साधारण 73 अंश असायचा. नव्या सायकलींत तो 76-77 पर्यंत गेलाय, माझ्या सायकलचा 77 आहे. क्रँकच्या मध्यापासून सीटची उंची 70 सेंमी धरा आणि कोसाइन लावा. 73 अंशाला सीट क्रँकच्या 20.5 सेंमी मागे येते, 77 ला फक्त 15.7. जवळजवळ पाच सेंमी पुढे!

कंपन्यांनी हे उगाच केलेलं नाही. 10 टक्के चढावर अख्खी सायकल 5.7 अंश मागे कलते. मग माझे 77 होतात 71.3 आणि जुन्या सायकलचे 67.3. इतकं मागे बसलं की पुढचं चाक उचलायला लागतं. म्हणजे ही सायकल माहूरगडाच्या चढासाठी झकास. पण लोह्याचा रस्ता बराचसा सपाट, तिथे ती मला सतत हँडलवर ढकलत होती.

मी आधी चूकच केली. एकाने सांगितलं म्हणून सीटचं नाक खाली झुकवलं. मग मी घसरून आणखीच पुढे यायला लागले आणि हात जास्त दुखले. चढच चढ असेल तर नाक किंचित खाली चालतं, सपाटीवर सीट लेव्हलमध्येच बरी. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं.

पुस्तकी पद्धत ओळंब्याची. क्रँक आडवा ठेवून पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायचा, तो पॅडलच्या आसावर पडला पाहिजे. सर्व्हेच्या लॅबमधला ओळंबा आणून (सरांना विचारून!) मी हेही केलं. पण कीथ बाँट्रेगर या अमेरिकन सायकल बनवणाऱ्याने या नियमाला शास्त्रीय आधार नाही असं लिहिलंय, आणि मला ते पटतं. पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या सायकलीवर ओळंबा भलतीकडेच पडतो, तरी माणसं ती मजेत चालवतात. खरी परीक्षा तोलाची. ग्राउंडवर (रस्त्यावर नको!) मध्यम जोराने पॅडल मारताना हात हँडलवरून जरासे उचलून बघा. तुम्ही लगेच पुढे कोसळलात तर सीट फार पुढे आहे.

मी सीट 1.2 सेंमी मागे घेतली. 70 सेंमी उंचीला हे बरोबर एका अंशाइतकं, म्हणजे माझी सायकल 76 ची झाली. मात्र सीट मागे गेली की क्रँकपासूनचं अंतरही वाढतं. 1.2 गुणिले कोस 77, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर. तेवढी सीट खाली घ्यायची, नाहीतर कंबर डावी-उजवी हलायला लागते. क्लॅम्प सीटखालच्या दांड्यांवर आखलेल्या मर्यादेतच ठेवा, बाहेर गेला तर दांडी वाकते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी पहिल्या दिवशी तीन बदलल्या, मग फरक कशाने पडला तेच कळेना.

एवढ्याने बधिरपणा पुष्कळ कमी झाला, पूर्ण नाही. 77 ची सायकल 73 ची करायला पाच सेंमी लागतील, तेवढी जागा त्या दांड्यांवर नसते आणि केली तर चढाचा फायदाही जातो. बाकीचं काम हँडल थोडं वर घेऊन झालं. महिना झाला, बोटं शाबूत आहेत. तुमची तशीच राहिली तर मात्र पाना ठेवून डॉक्टरांकडे जा.

आता सीटच्या दांडीवर मी नेलपॉलिशच्या दोन खुणा केल्यात. मागची लोह्याची, पुढची माहूरची. माहूरची अजून वापरलेली नाही, दिवाळीनंतर कोण येतंय?