४ कोटींत २४ खेळाडू: हॉकीच्या लिलावातून भांडवलाचा धडा

व्हिडिओतलं गणित इथे लिहून देतोय, वहीत उतरवून घ्या.

२०१७ नंतर बंद पडलेली हॉकी इंडिया लीग २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा सुरू झाली. पुरुषांच्या ८ टीम. प्रत्येकीला लिलावात खर्चायला ४ कोटी रुपये आणि घ्यायचे २४ खेळाडू. म्हणजे एकामागे सरासरी साडेसोळा लाखांच्या आसपास.

बंगाल टायगर्सने काय केलं? अभिषेकला ७२ लाख, जुगराज सिंगला ४८ लाख. दोघांतच १ कोटी २० लाख गेले. बाकी २२ जणांसाठी उरले २ कोटी ८० लाख, म्हणजे एकामागे जेमतेम पावणेतेरा लाख.

१ फेब्रुवारी २०२५ ला राउरकेलात फायनल झाली. बंगालने हैदराबाद तुफान्सला ४-३ ने हरवलं. त्यातले ३ गोल एकट्या जुगराजचे!

मोठा खर्च चुकीचा नसतो. पण तो गोल करणाऱ्यावर व्हावा, आणि बाकीची टीम उभी करायला पैसे उरावेत.

मी पहिल्या दुकानात नेमकं उलटं केलं. निम्मं भांडवल फर्निचर आणि बोर्डात घातलं. दिवाळीत गिऱ्हाईक दारात आलं, तर दुकानात मालच नाही! परत गेलेली माणसं पुन्हा फिरकली नाहीत.

आजचा गृहपाठ: तुमचा सगळ्यात मोठा खर्च लिहा. त्याने गल्ल्यात पैसा येणार का? आणि तो वजा केल्यावर माल, भाडं, पगार आणि उधारी सांभाळायला किती उरतं? आकडा काढल्याशिवाय पैसे देऊ नका.