बागेतील भुईरिंगणी

माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतील माळांवर व वाटांच्या कडेला जमिनीलगत पसरलेली भुईरिंगणी सर्वांच्या परिचयाची आहे. तण म्हणून ती उपटून टाकण्याचीच रीत आहे. तथापि बागेच्या ज्या कोरड्या, मुरमाड कोपऱ्यात दुसरे काही टिकत नाही, तेथे ती मुद्दाम लावण्यास हरकत नाही. तिची जांभळी फुले, त्यांतील पिवळे केसर आणि पांढऱ्या रेषांची हिरवी, पिकल्यावर पिवळी होणारी गोटीएवढी फळे खरोखर शोभिवंत दिसतात. पानांवरील सरळ, पिवळ्या काट्यांमुळे जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. दशमुळांतील कंटकारी ती हीच. पिवळ्या धोतऱ्याशी तिची गल्लत करू नये. त्याचे फूल पिवळे असते व देठ मोडताच पिवळा चीक येतो.

पिकलेल्या फळांतील बी धुऊन सावलीत वाळवावे व पावसाळ्याच्या तोंडी गादीवाफ्यावर पेरावे. चार-पाच पानांची रोपे दोन-दोन फुटांवर लावावीत, मात्र पायवाटेलगत नव्हे. पाणी साठणारी जमीन टाळावी. झाडाने जीव धरल्यावर त्याचे लाड करण्याचे कारण नाही.

कृष्णाकाठी मात्र, जेथे वांग्याचे पीक घेतात, तेथे आधी विचार करावा. रिंगणी ही वांग्याच्याच कुळातील आहे. पाने कुरतडणारे ठिपक्यांचे भुंगेरे तिच्यावरही पोसतात, आणि शेंडा व फळ पोखरणारी अळी तसेच पर्णगुच्छ रोग यांना या कुळातील रानझाडांचा आसरा मिळतो. शेतातील पीक निघाले तरी परसात कीड जिवंत राहते व नव्या लागणीवर पुन्हा उतरते. म्हणून वांग्याची रोपवाटिका अथवा शेत जवळ असल्यास ही हौस सोडून द्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वांग्यावरील किडीची पाहणी करताना बांध व परसही अवश्य पाहावेत. केवळ पिकावर फवारणी सांगून परतू नये.

पिवळी फळे मुलांना खाऊ वाटतात. ती विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. वैद्याच्या सल्ल्यावाचून घरी काढाही करू नये. झाडे काढावयाची झाल्यास हाताला गोणपाट गुंडाळून, फळे पिकण्यापूर्वीच मुळासकट उपटावीत आणि बांधावर न टाकता खड्ड्यात खोल पुरावीत.