बोटीवरच्या मामाचे कानमंत्र
(परदेशी शिकायला निघालेल्या भाचीसाठी)

बयो, बॅगेत काय भरायचं ते तुझी आई सांगेलच. मी आयुष्य काढलं बोटीवर, तेही इंजिनरूममध्ये, त्यामुळे थंडीत कोणता कोट घ्यावा यातलं मला फार कळत नाही. पण बंदरात उतरलो की हटकून कुणीतरी विचारायचं, “तुमच्या देशात असं असतं म्हणे?” दर बंदरात ते ‘असं’ निराळं असायचं. तू जर्मनीत हिंडू-फिरू लागलीस की तुलाही हे चुकणार नाही. तेव्हा चार गोष्टी कानात ठेव.

आधी समजाचं मूळ शोध.
ओडेसाला म्हातारी माणसं आम्हाला बघून राज कपूरचं नाव घ्यायची. १९५१चा ‘आवारा’ १९५४मध्ये सोव्हिएत रशियात लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यांच्या लेखी आपण सगळे गाणारे. अलेक्झांड्रियाच्या गोदीत अमिताभची खुशाली विचारायचे, जणू तो आमच्या वाडीत राहतो. मोंबासाला भारतीय म्हणजे दुकानदार, कारण पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवली. १९८४ साली इंडियाना जोन्सचा एक चित्रपट आला. त्यात आपला अमरीश पुरी माणसं बळी देतो आणि राजवाड्यातल्या पंगतीत माकडाचा मेंदू वाढतात. भारतात चित्रीकरणाचं जमलं नाही म्हणून ते श्रीलंकेत झालं, पण बघणाऱ्याला त्याचं काय? पुढे कितीतरी वर्षं लोक मला विचारायचे, माकडाचा मेंदू चवीला कसा असतो!

जर्मनीत तुला निराळं ऐकायला मिळेल. २००० साली तिथल्या सरकारने परदेशी कॉम्प्युटर तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ नावाची योजना काढली, आणि त्याच वर्षी एका राज्याच्या निवडणुकीत ‘भारतीय नकोत, आपली मुलं हवीत’ अशा अर्थाची घोषणा गाजली. तेव्हापासून भारतीय म्हणजे कॉम्प्युटरवाला. तू चालली आहेस नद्यांचा अभ्यास करायला, तरी शेजारीण बिघडलेला प्रिंटर घेऊन दारात येईल. मूळ कळलं की राग निम्मा उतरतो. त्या बाईला आपल्याबद्दल एकच गोष्ट माहीत असते, इतकंच.

प्रश्न भोळा की खोचक, ते ओळख.
पहिल्यांदा भोळाच धरून चाल. भोळ्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर द्यायचं, व्याख्यान झोडायचं नाही. खोचक वाटला तर शांतपणे उलट विचारायचं, “असं का वाटलं तुम्हाला?” निम्मे लोक तिथेच अडखळतात आणि स्वतःच विचार करू लागतात. “तुझं इंग्रजी इतकं चांगलं कसं?” हे मात्र बहुतेक वेळा कौतुकच असतं. शाळेत शिकले म्हणायचं आणि पुढे जायचं, नाक मुरडायचं कारण नाही.

‘भारतात’ म्हणू नकोस, ‘आमच्या घरी’ म्हण.
सगळ्यांत मोलाचा कानमंत्र हाच. समोरच्याने सरसकट विधान केलं की आपणही तावातावाने तसंच सरसकट विधान करतो. “तुम्ही सगळे शाकाहारी ना?” असं कुणी विचारलं की आपण सांगतो, “छे, भारतात सगळेच मांसाहारी!” एक चूक खोडायला दुसरी चूक. २०१४च्या सरकारी नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दहातल्या सातेक जणांनी आपण मांसाहारी असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे दोघंही चुकले. त्यापेक्षा सांग, “आमच्या घरी सोमवारी मासळी शिजत नाही, बाकीच्या दिवशी तिच्यावाचून घास उतरत नाही.” हे खरं आहे, तुझं आहे, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं. शिवाय कुणी जेवायला बोलावलं की तू काय खातेस ते आधीच सांगून ठेव. देशाच्या वतीने पथ्य पाळत बसू नकोस.

करीचंही तसंच. ब्रिटनमधली बरीचशी ‘इंडियन’ हॉटेलं सिल्हेटकडच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या लोकांनी उभी केली. त्यांतले सुरुवातीचे बरेच जण बोटीवरचे खलाशी, आमचेच भाऊबंद! त्या हॉटेलांतला चिकन टिक्का मसाला तिथे इतका रुजला की २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी त्याला ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थच म्हणून टाकलं. कुणी म्हणालं, “तुमची करी आवडते,” तर “ती आमची नाहीच” म्हणून वाद घालू नकोस. रविवारी घरी बोलाव आणि काळ्या वाटाण्याची आमटी, भात नि सोलकढी वाढ. आमसुलं बरोबर घे, तिकडे चटकन मिळायची नाहीत.

भाषेचं उत्तर तर तुला अगदी सोपं आहे. “तू हिंदू बोलतेस का?” असंही विचारतील. हसू नकोस. राज्यघटनेत राष्ट्रभाषा म्हणून कुठल्याच भाषेचं नाव नाही, आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, हे सगळं खरं. पण ट्राममध्ये एवढं कोण ऐकतो? इतकंच सांग, “मी मराठी बोलते. तुमच्या देशात जेवढी माणसं, साधारण तेवढ्यांची ती मातृभाषा.” २०११च्या जनगणनेत आपण ८ कोटी ३० लाख भरलो, आणि जर्मनीची लोकसंख्याही त्याच्याच आसपास. जर्मन माणसाला ही तुलना बरोबर पोचते.

खरं आहे ते नाकारू नकोस.
‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण परदेशात चालवू नकोस. जात, हुंडा, झोपडपट्टी, रात्री बायकांनी एकटं फिरणं, यांवर प्रश्न येणारच. “ते पूर्वी होतं, आता नाही” हे खोटं बोलू नकोस, आणि “तुमच्याकडे काय कमी आहे?” म्हणून अंगावरही जाऊ नकोस. हो, आहे म्हण. मग त्याच्याशी झुंजणारी माणसंही आपलीच, हे सांग. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर सत्याग्रह केला, घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली, १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. आणि तरीही काम संपलेलं नाही. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ पाहून कुणी धारावीबद्दल विचारलं तर तिथला चिखल सांग, आणि तिथला कुंभारवाडा, चामड्याचे कारखाने, भंगारातून माल काढणारी माणसंही सांग. दोन्ही सांगितलंस तरच ऐकणारा विश्वास ठेवेल. नुसती बढाई कुणाला खरी वाटत नाही.

गोड गैरसमजापासून जास्त जपून राहा.
हा कानमंत्र कुणी शिकवत नाही. योकोहामाला मला कळलं की भारतीयांना एकोणीस एकोणीसपर्यंतचे पाढे पाठ असतात, असं जपानी लोकांना वाटतं. मला पावकी, निमकी, दिडकीसुद्धा येते, कारण गुरुजींची छडी. पण माझ्या केबिनमधल्या सोबत्याला बारापर्यंतसुद्धा धड येत नसत. परक्या कौतुकाचा अंगरखा अंगावर चढवला की पुढे तो सांभाळत बसावं लागतं. वसतिगृहातल्या मुली म्हणतील, आम्हाला योग शिकव. येत असेल तर शिकव. येत नसेल तर सरळ नाही म्हण. ‘भारतीय मुली गणितात हुशार’ हे ऐकून मान ताठ केलीस, तर एखादा पेपर अवघड गेल्यावर मदत मागायची लाज वाटेल. त्याचं नुकसान तुझंच.

अपमान आणि धोका यांना गैरसमज समजू नकोस.
अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात एका शीख माणसाला निव्वळ पगडी-दाढी पाहून गोळी घातली. असल्या माणसाशी चर्चा होत नसते. रस्त्यात, गाडीत कुणी अंगावर आलं तर उत्तर देऊ नकोस. माणसं असतील तिकडे सरक आणि ११० नंबर फिरव, जर्मनीत तो पोलिसांचा. कुणी नाव ऐकून खोली नाकारली किंवा कचेरीत वेगळं वागवलं, तर तारीख, वेळ आणि बोललेले शब्द त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. तिथे २००६पासून समान वागणुकीचा कायदा आहे, विद्यापीठातही दाद मागता येते. पण तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा लेखी टिपण कामाला येतं. २०१४ साली आपलं मंगळयान पोचलं तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक व्यंगचित्र छापलं होतं: शेतकरी गाय घेऊन अवकाशवाल्यांच्या उच्चभ्रू क्लबाचं दार ठोठावतो आहे. वाचकांच्या तक्रारी गेल्या आणि संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. शिव्यांनी काम होत नाही, मुद्देसूद पत्राने होतं.

आपल्या डोळ्यांतलं मुसळ बघ.
दक्षिणेतल्या सगळ्याच राज्यांना ‘मद्रासी’ म्हणणारे आपण. मणिपूरच्या मुलीला पुण्यात ‘चिनी’ म्हणणारे आपण. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या पोरांकडे इथले घरमालक कसे बघतात, ते तू पाहिलं आहेस. आणि जर्मनांबद्दल आपल्याकडे काय काय ऐकतो? म्हणे, त्यांनी आपले वेद नेऊन विमानं बनवली, तिथे घरोघरी संस्कृत चालतं. वेदांचा अभ्यासक मॅक्स म्युलर जन्मला जर्मनीतल्या डेसाऊला, काम केलं ऑक्सफर्डला, आणि भारतात कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही. त्याच्या नावाची भवनं आपल्याकडे आहेत म्हणून तिथल्या बेकरीवाल्याला तो ठाऊक असेल, असं धरून चालू नकोस. आणि हिटलरच्या नावाने विनोद चुकूनही करू नकोस.

शेवटचा मंत्र इकडच्या फोनसाठी. तू तिकडे पोचलीस की वाडीतल्या काकू, माम्या विचारणार, “जर्मन लोक कसे असतात गो?” तू सांगशील तेच पुढची वीस वर्षं आपल्या गावात चालेल, कारण त्यांच्या ओळखीचं तिकडे दुसरं कुणी नाही. तेव्हा ‘जर्मन असेच’ म्हणून मोकळी होऊ नकोस. वरच्या मजल्यावरची बाई कशी आहे, प्रोफेसर कसे आहेत, तेवढं सांग. बाकीच्या आठ कोटींची तुला अजून ओळख झालेली नसेल.