ज्ञानाने फुगलेला माणूस

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ९:७-९, २१:२४, १ करिंथ ८:१-१३, योहान ९:२४-३४, प्रे. कृत्ये १८:२४-२८

आपल्यालाच सर्व काही कळते असे मानणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. दीडशहाणा, अतिशहाणा, आगाऊ, शिष्ट, घमेंडखोर असे कितीतरी शब्द आहेत. थोडक्या विद्येवर मिरवणाऱ्याला आपण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला म्हणतो. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाच्या लक्षणांवर एक संपूर्ण समास लिहिला. घरात, कमिटीत व मंडळीतही हे शब्द ऐकू येतात; बहुधा तो माणूस उठून गेल्यावर! पवित्र शास्त्रही अशा माणसाला नावे देते. ती कोणती व कशासाठी दिली, ह्याचा आपण विचार करू.

१. निंदक. नीतिसूत्रे २१:२४ मध्ये उन्मत्त व गर्विष्ठ माणसाचे नावच सांगितले आहे. मूळ इब्री शब्द 'लेत्स', म्हणजे टर उडवणारा. तो अडाणीच असतो असे नाही. त्याची खूण नवव्या अध्यायात आहे. त्याची चूक दाखवली तर तो दाखवणाऱ्याचा द्वेष करतो. शहाण्याची चूक दाखवली तर तो प्रीती करतो व अधिक शहाणा होतो. म्हणजे माणसाजवळ ज्ञान किती आहे ह्यावरून शास्त्र त्याला जोखत नाही. चूक दाखवल्यावर तो काय करतो, हे शास्त्र पाहते.

२. फुगलेला. पौलाने करिंथकरांस पहिले पत्र इ. स. ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिले. त्यात फुगण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचे नाते लोहाराच्या भात्याशी आहे. नव्या करारात तो ७ वेळा येतो. त्यांपैकी ६ वेळा ह्या एकाच पत्रात. भाता फुगला की मोठा दिसतो, परंतु आत वाराच असतो.

आठव्या अध्यायात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयी करिंथ येथील ज्ञानी मंडळींचे म्हणणे चुकीचे नव्हते. मूर्ती ही काहीच नाही, हे पौलालाही मान्य आहे. तरी तो त्यांना दोष देतो. का? त्यांच्या बरोबर असलेल्या ज्ञानाखाली दुबळा भाऊ चिरडला जात होता, आणि त्या भावासाठी ख्रिस्त मरण पावला होता. तेव्हा 'मी म्हणतो ते खरे आहे की नाही?' एवढे विचारून आपली सुटका होत नाही. माझ्या बोलण्याने समोरचा उभा राहिला की खाली बसला, हेही विचारावे लागते.

३. धुराने वेढलेला. १ तीमथ्य ३:६ मध्ये अध्यक्ष नवशिका नसावा असे सांगताना पौल दुसराच शब्द वापरतो. त्याच्या मुळाशी धूर हा अर्थ आहे. त्याच पत्राच्या ६:४ मध्ये वादविवादाचे वेड लागलेल्याला हाच शब्द लावला आहे. चुलीच्या धुरात बसलेल्याचे डोळे चुरचुरतात, म्हणून तो बाहेर तरी येतो. गर्वाच्या धुरात बसलेल्याला मात्र आपल्याला स्वच्छ दिसते असेच वाटते.

४. नावे ठेवण्यापूर्वी. ही नावे हाती आली म्हणजे ती दुसऱ्याला चिकटवण्याचा मोह होतो. योहान ९ वाचा. जन्मांध मनुष्य बरा झाला व त्याने परूशांना सरळ प्रश्न विचारला. तू आम्हांला शिकवतोस काय, असे म्हणून त्यांनी त्याला बाहेर घालवले. त्यांच्या दृष्टीने दीडशहाणा तो होता. वास्तविक आंधळे कोण होते हे प्रभूने पुढे दाखवले. आपल्या रविवारच्या शाळेतही एखादे मूल विचारते, "काइनाची बायको कोठून आली?" शिक्षकाला उत्तर येत नाही, आणि तोंडून निघते, "फार शहाणपणा करू नकोस." सर्व मुले हसतात. ते मूल पुन्हा विचारत नाही. कदाचित पुढे येतही नाही. तेथे फुगलेले कोण होते?

५. अपुल्लोसाचा कित्ता. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, उत्तम वक्ता व शास्त्रात प्रवीण; परंतु त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे राहुट्या करणारे जोडपे. त्यांनी सभास्थानात त्याचे भाषण ऐकले, चारचौघांत त्याला खाली पाहायला लावले नाही, तर जवळ घेऊन अधिक नीट समजावून दिले. आणि त्या विद्वानाने ऐकून घेतले! पुढे अखयात त्याचा विश्वासणाऱ्यांना मोठा उपयोग झाला. सांगणारा कसा असावा व ऐकणारा कसा असावा, हे दोन्ही धडे येथे आहेत.

"हे मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू या," असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होत नाही. मुले शास्त्र उघडतात ती अशाच शिक्षकाबरोबर. प्रभू आपणां सर्वांस शिकणाऱ्याचे मन देवो.

वर्गासाठी प्रश्न
१. करिंथ येथील ज्ञानी लोकांचे म्हणणे बरोबर असताही पौलाने त्यांना दोष का दिला?
२. निंदक व शहाणा ह्यांच्यातील फरक कशावरून ओळखावा?
३. गेल्या महिन्यात आपली चूक कोणी दाखवली? आपण त्या व्यक्तीशी नंतर कसे वागलो? (ह्याचे उत्तर मोठ्याने देऊ नये, मनन करावे.)