इडलीचं पीठ आणि गटाचा पैसा



गणपतीच्या आधीचे महिने म्हणजे हमरापूर, जोहे, कळवे इथल्या मूर्तींच्या कारखान्यांत नुसती धावपळ. एवढ्या माणसांना सकाळी गरम नाश्ता लागतोच. तेव्हा इडली-चटणीची ऑर्डर गटाने घ्यावी, असं कुणाच्याही मनात येईल. घरी चार माणसांचं पीठ बिघडलं तर आपण त्याचे डोसे घालतो नि विषय संपतो. दोनशे इडल्यांचं बिघडलं तर गटाचा पैसा जातो, आणि उद्याची ऑर्डरही. म्हणून आजचा पाठ पिठाचा.

तीन किलो तांदळाला एक किलो सालं काढलेला उडीद, त्यात दोन चमचे मेथी. तांदूळ आपल्या खाचरातला ‘जया’सारखा जाड आणि जुना घ्या, वासाचा बारीक तांदूळ इथे कामाचा नाही. उकडा मिळाला तर इडली आणखी मऊ होते. एवढ्यात साधारण 180 ते 200 इडल्या होतात, साच्यावर थोडं अवलंबून.

खरा जीव उडदात आहे. सुमारे 920 सालच्या ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात इडलीचं जुनं नाव ‘इड्डलिगे’ येतं, आणि त्या काळी ती नुसत्या उडदाचीच करत असं जाणकार सांगतात. उडदाच्या चिकटपणात आंबताना तयार होणारा वायू अडकून राहतो, म्हणून पीठ फुगतं. तेव्हा डाळ तांदळापासून वेगळी भिजवा आणि वेगळीच वाटा. मिक्सर तापला की पीठही तापतं, म्हणून गार पाणी थोडं थोडं घालायचं. वाटलेल्या डाळीचा थेंब वाटीभर पाण्यात सोडून बघा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फिरवा. तांदूळ मात्र बारीक रव्यासारखा खरबरीत ठेवायचा. मग दोन्ही हाताने कालवा आणि भांडं निम्मं रिकामं ठेवा, नाहीतर पहाटे ओट्यावरून पीठ पुसत बसाल.

वेळ उलटी मोजायची. आठला नाश्ता तर सहाला चूल पेटली पाहिजे. म्हणजे संध्याकाळी सहा-सातपर्यंत वाटण संपवायचं आणि दुपारी बाराच्या आत भिजत घालायचं. पावसाळ्यात आपल्याकडे दहा-बारा तास लागतात, मे महिन्यात सहा-आठ तासांतच पीठ वर येतं. मीठ आंबणं थोडं रोखतं. म्हणून उन्हाळ्यात ते रात्रीच घाला, थंडीत सकाळी. फुगलं नाही म्हणून सोडा ढकलणाऱ्या पुष्कळ आहेत, पण त्या इडलीला आंबल्याची चव येत नाही, आणि खाणाऱ्याला ते कळतं.

पाण्याला उकळी आल्यावरच साचा आत ठेवा. दहा-बारा मिनिटं वाफ, मग पाच मिनिटं तशीच राहू द्या. घाईने काढली की तुटते.

खोबऱ्याच्या चटणीची मला जास्त भीती वाटते. ती सकाळीच वाटायची, उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि दुपारनंतर उरलेली टाकून द्यायची. पोटं बिघडली तर इडली कितीही मऊ असून उपयोग नाही. कारखान्यात डबे रंगाच्या फवाऱ्यापासून आणि घासकामाच्या धुळीपासून लांब, झाकूनच ठेवा.

आता हिशेब. घरचा तांदूळ फुकटचा नसतो. बाजारात विकला असता तर जो भाव आला असता तो वहीत लिहा. गॅस, नारळ, पहाटे उठणाऱ्या दोघींची मजुरी, सगळं लिहा. हे सोडून काढलेला नफा आपल्याच घामाचा असतो. उधारी आठवड्याला मिटवायची, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. सीझन संपल्यावर मागायला गेलं की तोंडं फिरतात.

आणि ग्राइंडरसाठी अंतर्गत कर्ज लगेच उचलू नका. आधी दोघींच्या घरच्या मिक्सरवर एक किलो तांदळाचं पीठ करून बघा, तेही सलग आठ दिवस. रोज किती वाजता वाटलं, हवा कशी होती, पीठ किती तासांत वर आलं, हे वहीत मांडा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, मग कर्जाचं बोलू.