लस घेऊनही खोकला का येतो?

गेल्या पावसाळ्यात माझे वडील आठ दिवस ताप आणि खोकल्याने अंथरुणाला खिळले होते. हंगामात ते अकोल्याकडच्या एका जिनिंगमध्ये काम करतात. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे अवघड प्रश्न माझ्याकडेच येतात. "दोन सुया घेतल्या होत्या ना वं, मंग हे काऊन झालं?" त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. आता आजीनेसुद्धा पुन्हा लस घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. त्या प्रश्नापायी मी अमरावतीला परतल्यावर वाचनालय गाठले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, बाबांना कोरोनाच झाला होता हे आपण गृहीत धरले होते; तपासणी कोणी केली नव्हती. पावसाळ्यात आपल्याकडे इन्फ्लुएंझाही जोरात असतो. एका रोगाची लस दुसऱ्या रोगाला अडवीत नाही.

समजा, तो कोरोनाच होता. तरीही लस वाया गेली असे होत नाही. लसीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत कमी होतात. मग विषाणू नाकाघशात शिरकाव करू शकतो, आणि सर्दी-खोकला होतो. परंतु शरीरातील स्मृतिपेशी शत्रूला अधिक काळ ओळखतात व फुप्फुसापर्यंत मोठी इजा होण्याआधी प्रतिकार उभा करतात. लसीचे मोठे काम आहे ते हेच.

दुसरे कारण आपल्या अमरावतीनेच पाहिले आहे. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात येथे रुग्ण झपाट्याने वाढले. २२ फेब्रुवारीपासून शहरात टाळेबंदी लागली. अकोल्यातही कडक निर्बंध आले. मी तेव्हा नववीत होते. त्या लाटेत विदर्भातील नमुन्यांत बी.१.६१७ या कुळातला बदललेला विषाणू सापडला. त्याच कुळातील एका प्रकाराला मे महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' हे नाव दिले. पुढे ओमिक्रॉन आला. विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुकतो, आणि एखादी चूक त्याच्या फायद्याची ठरते.

बाबांना मी बोंडअळीचे उदाहरण दिले. बीटी कपाशी आली तेव्हा अळी गेली असे वाटले होते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पऱ्हाट्या पोखरल्याच. (उदाहरण तंतोतंत नाही, लस घेतल्याने विषाणू बदलतो असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.) बाबांना ते लगेच पटले.

२००९ चा स्वाइन फ्लूही आता नेहमीच्या हंगामी फ्लूंपैकीच एक झाला आहे. फ्लूच्या लसीत कोणते विषाणू घ्यावेत, याचा विचार जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते. कोरोनाच्या लसीही बदलत्या विषाणूप्रमाणे सुधारल्या गेल्या असून इंग्लंडसारख्या देशात वृद्धांना त्या ठराविक ऋतूंत देतात. आपल्या वयाच्या धडधाकट मुलामुलींना त्यांची निकड कमी. वृद्ध, मधुमेही, दमेकरी आणि गरोदर स्त्रिया यांनी मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावे.

लसीवाचूनही काही करता येते. खोकणाऱ्याच्या श्वासातील सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. आमच्या वसतिगृहात थंडीत सगळ्या खिडक्या लावून आठ जणी झोपतो, एकीला सर्दी झाली की आठवड्यात सर्वांना! आता एक खिडकी उघडी असते, यावरून रोज भांडण होते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना हे सारे सांगितले. आजीला डॉक्टरांकडे न्यायला ते कबूल झाले. खोकला आला की दुपट्टा तोंडावर धरतात. स्वतःच्या सुईविषयी मात्र अजून काही बोललेले नाहीत.